पाच गट, पाच गृहीतकं, पाचही सिद्ध! (पाण्याचं रॉकेट)

खडूचा तुकडा

मंडळी, तीन आठवडे बारा-तेरा वर्षांच्या पोरांकडून पाण्याचं रॉकेट करून घेतेय आणि आता माझंच डोकं गरगरायला लागलंय म्हणून इथे धागा काढतेय.

ज्यांनी कधी केलं नसेल त्यांच्यासाठी, कोल्ड्रिंकची २ लिटरची रिकामी बाटली, त्यात थोडं पाणी, तोंडाला रबरी बूच, बुचात फुटबॉलमध्ये हवा भरायची सुई खुपसलेली. बाटली उलटी स्टँडवर ठेवायची आणि सायकलच्या पंपाने हवा मारत राहायचं. दाब बुचाला झेपेनासा झाला की बूच सुटतं, पाणी खाली, बाटली वर आणि पोरं सगळीकडे.

मी प्रश्न दिला होता, किती पाणी भरलं तर रॉकेट सगळ्यात उंच जाईल? आधी गृहीतक लिहा, मग प्रयोग करा, मग अनुमान. उंची मोजणं अवघड म्हणून हवेत किती सेकंद राहिलं ते स्टॉपवॉचवर मोजलं. मजा तर एवढी आली की मधल्या सुट्टीला कोणी हललं नाही. आणि मग वह्या आल्या. नमुना देते:

"गृहीतक: ५०० मिली पाण्याला रॉकेट सर्वांत उंच जाईल. निरीक्षण: ४०० मिली ३.९ सेकंद, ५०० मिली ४.६ सेकंद, ६०० मिली ४.१ सेकंद. अनुमान: आमचे गृहीतक सिद्ध झाले."

प्रत्येक पाण्याला एकच उड्डाण. दुसऱ्या गटाचं उत्तर ७००, तिसऱ्याचं ३००. पाच गट, पाच वेगळी गृहीतकं आणि पाचही सिद्ध! एका मुलीने तर पंपाचे स्ट्रोक किती मारले, बूच ओलं होतं का कोरडं असलं काय काय समासात भरून ठेवलं होतं, तिला म्हटलं अगं कामाचं तेवढंच लिही.

रॉकेट करायला शिकली, पण ज्यासाठी केलं ते राहूनच गेलं असं वाटतंय. तुम्ही कोणी मुलांबरोबर असं काही केलंय का? पद्धत कशी पोचवायची?

शेवटचा बाक

पाचही सिद्ध =)) ताई यांना थेट संशोधन मंडळावर घ्या.

निळी शाई

वाचतेय. मुलीने मागच्या वर्षी केलं होतं, आमच्याकडे गृहीतक आईने लिहिलं, रॉकेट बाबाने केलं आणि निष्कर्ष शेजारच्या दादाने. मुलीने बाटली आणली.

चिकटपट्टी

रॉकेट हा माझा आवडता विषय त्यामुळे प्रतिसाद लांबणार, आधीच माफी.

मुलांना आधी हे कळायला हवं की पाणी आणि हवा दोघांची कामं वेगळी आहेत. ताकद असते दाबलेल्या हवेत. पाणी फक्त मागे फेकायचं वजन. नुसती हवा भरलीत तर ताकद भरपूर पण फेकायला काही नाही, बाटली फुस्स करून थोडी वर जाते आणि येते. गळ्यापर्यंत पाणी भरलंत तर फेकायला ढीगभर, पण फेकणारी हवा कपभर. म्हणून उत्तर मधे कुठेतरी असतं, ढोबळमानाने बाटलीचा एक तृतीयांश किंवा त्याहून जरा कमी.

आणि हे सगळं फार झटपट होतं. आत ४ बार (म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण चौपट) जादा दाब असेल तर पाणी तोंडातून सेकंदाला साधारण २८ मीटर वेगाने निघतं, बाटलीचं तोंड आतून जेमतेम २१-२२ मिलिमीटर, तरी अर्धा लिटर पाणी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत संपतं. म्हणजे रॉकेट "उडताना" आपण जे बघतो ते बहुतेक सगळं पाणी संपल्यावरचं आहे, फेकलेल्या दगडासारखं. हे पोरांना सांगितलं की विश्वास बसत नाही. मोबाईलवर स्लो मोशन दाखवा, मग बसतो.

ताई, तुमच्या पोरांनी ४००, ५००, ६०० घेतलं ना, तिथेच घोळ आहे. हा आलेख टेकडीसारखा आहे आणि टेकडीचा माथा सपाट. तुमची तिन्ही मापं त्या सपाटीवर. तिथे खरा फरकच इतका कमी की एकेका उड्डाणात दिसणं शक्य नाही. ०, २५०, ५००, १०००, १५०० असं लांब लांब घ्या, फरक डोळ्यांनी दिसेल. नंतर माथ्याजवळ बारीक मापं.

मोजपट्टी

चिकटपट्टीशी सहमत, एक भर घालतो. वेळेवरून उंची काढायचं सूत्र लोक वापरतात, उंची = g (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, ९.८) गुणिले वेळेचा वर्ग भागिले ८. ५ सेकंद असतील तर ३०.६ मीटर. आता स्टॉपवॉच दाबणाऱ्या माणसाचा हात ०.२-०.३ सेकंद इकडेतिकडे होतोच. ५ चे ५.३ झाले की उंची ३४ च्या वर! बटण दाबायच्या घाईत एक मजला वाढला. शिवाय या सूत्रात हवेचा विरोध धरलेला नाही. रॉकेट पॅराशूटने किंवा गटांगळ्या खात उतरलं तर खाली यायला जास्त वेळ घेतं आणि कागदावर उंची फुगते. सगळ्यात वाईट उडालेलं रॉकेट पहिलं येऊ शकतं.

कोन मोजा. कोनमापकाला स्ट्रॉ चिकटवा, मध्यबिंदूतून दोरा सोडा, खाली नट बांधा. ३० मीटरवर उभं राहून स्ट्रॉमधून रॉकेटचं शिखर पकडायचं. ४५ अंश आले तर उंची ३० मीटर अधिक तुमच्या डोळ्यांची उंची.

ओळंबा

माझं नाव आल्यासारखं वाटलं म्हणून आलो. :)

मोजपट्टी, तुमचं यंत्र चांगलं आहे पण दोन खाचखळगे सांगतो, बत्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलंय. एक, दोरा जो आकडा दाखवतो तो कोनमापक कसा चिकटवलाय त्यावर असतो, बरेचदा ९० मधून वजा करावा लागतो आणि दर वेळी निम्मा वर्ग तो वजा करत नाही. दोन, ३० मीटरवर उभं राहून ४५ च्या आसपास एक अंश चुकलात तर उंचीत मीटरभर फरक, पण ६० च्या आसपास तोच एक अंश दोन मीटरला पडतो. म्हणून रॉकेट जितकं वर जाणार तितकं लांब उभं राहायचं. आणि दोन बाजूंना दोघं उभे करा. रॉकेट वाऱ्याने एकाकडे सरकलं तर दुसऱ्यापासून लांब जातं, सरासरीत बरंचसं भरून निघतं.

मूळ प्रश्नाबद्दल सवडीने लिहितो.

शंकासुर

मला मूळ प्रश्नच पटलेला नाही. गृहीतक, प्रयोग, निरीक्षण, अनुमान ही जी आगगाडी आपण मुलांना शिकवतो ती नेमकी कुठल्या शास्त्रज्ञाने चालवली आहे? खगोलवाले ताऱ्यांवर प्रयोग करत नाहीत. भूगर्भवाले डोंगर पुन्हा घडवून बघत नाहीत. कित्येकदा आधी काहीतरी विचित्र दिसतं, मग दहा वर्षं चाचपडणं, मग एखादं गृहीतक. छापील पेपरमध्ये सगळं सरळ रेषेत दिसतं कारण पेपर नंतर लिहितात. मुलांना त्या पाच रकान्यांत कोंबून तुम्ही विज्ञान नाही, फॉर्म भरायला शिकवताय. आणि फॉर्म पोरांनी बिनचूक भरला की! गृहीतकाच्या रकान्यात गृहीतक, अनुमानाच्या रकान्यात "सिद्ध झाले". तक्रार कसली?

खडूचा तुकडा

@शंकासुर, लागलं पण खरं आहे. तरी रकाने नसते तर नुसती जत्रा झाली असती हेही खरं.

@चिकटपट्टी, सपाट माथा हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. धन्यवाद.

शेवटचा बाक

रकान्यांवरून आठवलं. आमच्या कॉलेजात लंबकाच्या प्रयोगात g नेहमी ९.८ यायचा. नेहमी. लंबकाला दोरा नसला तरी यायचा. आधी ९.८ लिहायचं, मग उलट गणित करून रीडिंगं तयार करायची, मधे एकदोन ९.७६ पेरायची म्हणजे खरं वाटतं. एकदा मी प्रामाणिकपणे मोजून ९.३ आणला तर सर म्हणाले, कोणाची वही बघ आणि नीट लिहून आण.

निळी शाई

शेवटचा बाक, हसू नका कोणी पण हे फार मोठं पाप आहे. मी स्वतः असंच केलंय आणि पुढे खऱ्या लॅबमध्ये गेल्यावर पहिलं वर्ष हेच विसरण्यात गेलं. नको असलेलं रीडिंग आलं की हात आपोआप खोडरबराकडे जायचा.

ओळंबा

निळी शाईताई, म्हणूनच वही पेनाने. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी का खोडलं ते.

आता मूळ प्रश्न. मुलं लबाड नसतात, पण मापणाऱ्याला काय यायला हवं ते ठाऊक असलं की बोट थोडं आधी किंवा थोडं नंतर दाबलं जातं, त्याला कळतही नाही. मोठमोठ्यांचं झालंय. १९०३ साली ब्लाँडलो नावाच्या नावाजलेल्या फ्रेंच शास्त्रज्ञाने एन-किरण शोधल्याचं जाहीर केलं. अंधाऱ्या खोलीत अगदी मंद प्रकाशात होणारा बारीक बदल डोळ्यांनी टिपायचा असा सगळा मामला. इतरही अनेकांना ते किरण "दिसायला" लागले. १९०४ मध्ये अमेरिकेचा वुड त्यांच्या प्रयोगशाळेत गेला आणि अंधारात त्याने गुपचूप उपकरणातला लोलक काढून घेतला. लोलकाशिवाय काही दिसायलाच नको होतं. तरी ब्लाँडलोमहाशयांची मापं आधीसारखीच चालू! एन-किरण तिथे संपले.

तेव्हा ताई, एक सोपा नियम करा. पाणी भरणारा गट वेगळा, वेळ किंवा कोन मोजणारा वेगळा, आणि मोजणाऱ्याला पाणी किती ते सांगायचं नाही. पोरांना हे हेरगिरीसारखं वाटतं, आनंदाने करतात.

वाचनमात्र

लोलकाचा किस्सा भारी!

चिकटपट्टी

काकांचा नियम +१. फक्त बाटली पारदर्शक असते, लांबूनही पाणी दिसतं. पट्टा गुंडाळा.

अजून एक. क्रम. आमच्या इथे एका गटाने सकाळी २०० मिलीची सगळी उड्डाणं केली, मग ४०० ची, मग ६०० ची. ६०० ला रॉकेट तिरकी जाऊ लागली, त्यांनी लिहिलं जास्त पाण्याने रॉकेट अस्थिर होतं. अरे बाबांनो, तोवर दुपार झाली होती, वारा सुटला होता आणि बाटली आठ वेळा नाकावर आपटून चेपली होती. चिठ्ठ्या टाकून क्रम काढा.

पाऊलवाट

एवढं सगळं बारा वर्षांच्या पोरांना?? अहो उडवू द्या की. मी सातवीत असताना एक बाटली उडवली होती, ती झाडात अडकली, तिला काढायला दुसरी उडवली, तीही अडकली. पुढे मी इंजिनिअर झालो तो त्या झाडामुळे. तेव्हा कोणी मला सरासरी काढायला लावली असती तर मी कॉमर्सला गेलो असतो.

मोजपट्टी

पाऊलवाट, हलके घ्या पण पहिली अडकल्यावर दुसरी अडकली म्हणजे तुम्ही प्रयोगाची पुनरावृत्ती केलीत आणि निकाल तोच आला.

निळी शाई

=))

पण पाऊलवाट यांचं पूर्ण चुकीचं नाही. आमच्याकडे स्पर्धा ठेवली होती, सर्वांत उंच रॉकेटला बक्षीस. दुसऱ्या फेरीत सगळ्यांनी पहिल्या फेरीतल्या विजेत्याची हुबेहूब नक्कल केली, पंखांचा रंगसुद्धा. का उंच गेलं हे एकालाही माहीत नाही, विजेत्यालाही नाही. मला विचाराल तर बक्षीस द्यायचंच तर ज्याने आपलं रॉकेट किती उंच जाईल हे आधी लिहून दिलं आणि त्याच्या सगळ्यात जवळ आलं त्याला द्या.

शंकासुर

निळी शाई, ही कल्पना आवडली. आधी सांगा मग उडवा. फसलं तर सगळ्यांसमोर फसतं आणि नंतर "मला तेच म्हणायचं होतं" म्हणता येत नाही. रकान्यांपेक्षा हे शंभरपट बरं.

आणि ताई, "सिद्ध झालं" हा शब्द वर्गातून हद्दपार करा. "या वेळी टिकलं" म्हणा.

खडूचा तुकडा

बरं, एक गंमत सांगते. एक मुलगा ठामपणे म्हणाला रॉकेट उडतं कारण पाणी जमिनीला ढकलतं. न्यूटनचा तिसरा नियम पाठ होता त्याला, क्रिया प्रतिक्रिया घडाघडा म्हणून दाखवली, तरी मनात जमीनच. मी समजावणार होते पण थांबले, म्हटलं मग तपासायचं कसं? अर्ध्या तासाने त्यांनी ठरवलं की स्टँड दोन टेबलांच्या मधल्या फटीवर ठेवायचा, म्हणजे पाणी थेट खाली लांब जाईल आणि ढकलायला जवळ काही नसेल. तो म्हणाला आता उडणार नाही. उडालं, पहिल्यासारखंच. दोन मिनिटं गप्प, मग म्हणतो, "मग हवेला ढकलत असेल."

ओळंबा

हाडाचा शास्त्रज्ञ आहे पोरगा, सोडू नका त्याला. सांगा की १९२० साली न्यू यॉर्क टाइम्सच्या अग्रलेखानेही गॉडर्ड या रॉकेटवाल्या प्राध्यापकाची हीच टर उडवली होती, निर्वात पोकळीत ढकलायला काही नसताना रॉकेट चालणार कसं म्हणून. चूक दुरुस्त केली ती १७ जुलै १९६९ ला, चंद्राकडे माणसं निघाल्यावर दुसऱ्या दिवशी.

चिकटपट्टी

गॉडर्ड निघालाच आहे तर, १६ मार्च १९२६ ला त्याने द्रव इंधनाचं पहिलं रॉकेट उडवलं ते गेलं ४१ फूट, साडेबारा मीटर. अडीच सेकंद. ताई, तुमची बहुतेक पोरं त्याच्या वर गेली आहेत, सांगा त्यांना! आणि अजून मजा म्हणजे त्याने इंजिन वरच्या टोकाला लावलं होतं, समजूत अशी की वरून ओढलं की रॉकेट लंबकासारखं सरळ राहील. ते खोटं आहे. ढकला किंवा ओढा, जोर रॉकेटच्याच अक्षावर असला तर रॉकेट कललं की जोरही कलतो. सरळ ठेवतात ते पंख आणि पुढचं वजन. गुरुत्वमध्य पुढे, हवेच्या दाबाचा मध्य (हवेचा जोर जिथे एकवटतो ती जागा) मागे. रॉकेटला गुरुत्वमध्यापाशी दोरा बांधून डोक्याभोवती गरगर फिरवा, नाक पुढे राहिलं तर पास, शेपूट पुढे आली तर नाकात माती भरा. (रिकाम्या बाटलीवर करा, पाणी संपल्यावरची स्थिती तीच.)

सावधान विश्राम

सगळे उंचीत रमलेत म्हणून खवचटपणे आठवण करून देतोय. फक्त फेसाळ पेयाची बाटली, पाण्याची पातळ बाटली अजिबात नाही. चरा, घडी, पांढरी रेघ दिसली की कचऱ्यात. धातूचं टोक नाही. डोळ्यांवर गॉगल. बूच अडकलं तर वाकून बघायचं नाही, बघायचंच नाही, आधी लांबूनच पंपाकडून हवा सोडा. नवी बाटली तपासायची तर काठोकाठ पाण्याने भरून दाब द्या, पाणी दाबलं जात नाही म्हणून फुटली तरी नुसतं भिजायला होतं, हवेची बाटली फुटली तर तुकडे उडतात. आमच्या इथे एक सर वाकले होते. चष्मा होता म्हणून निभावलं.

खडूचा तुकडा

@सावधान विश्राम, गॉगल होते, लांब दोरीचं कुंपणही होतं. वाकण्याचं नक्की सांगते.

अजून एक प्रश्न पोरांचा, उतरलेल्या बाटलीत धूर दिसतो. तो कसला? एक गट म्हणतो घर्षणाने गरम होऊन.

मोजपट्टी

गरम नाही, उलट. हवा झपकन पसरते म्हणून थंड पडते, आतली वाफ थिजून धुकं होतं. पण सांगू नका!! बाटलीला हात लावायला सांगा. किंवा उडवू नका, बाटलीत चमचाभर पाणी घालून घट्ट धरून दाब द्या आणि बूच काढा, उड्डाण नाही घर्षण नाही तरी धूर. आता घर्षणाचं काय करायचं ते त्यांनाच ठरवू दे.

ओळंबा

अवांतर, पण राहवत नाही. हेच हवा पसरवून धुकं करण्याचं काम विल्सन नावाच्या स्कॉटिश माणसाने काचेच्या भांड्यात वर्षानुवर्षं केलं, डोंगरमाथ्यावरच्या ढगांत दिसलेली प्रभावळ खोलीत करून बघायची म्हणून. त्यातून अणूहून बारीक कणांच्या वाटा दाखवणारं मेघकक्ष तयार झालं आणि १९२७ चं नोबेल मिळालं.

शेवटचा बाक

म्हणजे बाटलीतल्या धुरावर नोबेल आहे आणि मी ती बाटली भंगारात दिली.

पाऊलवाट

ताई मूळ प्रश्नाचं काय झालं? धागा ढगात गेला.

खडूचा तुकडा

झालं झालं, सांगते, नीट बसून लिहितेय.

तुमचं सगळं वाचून या आठवड्यात एकच केलं. पाणी बदलायचंच नाही. ५०० मिली, तीच बाटली, तेच पंख, सहा वेळा. पोरं कुरकुरली, "बाई यात शोधायचं काय, सगळं तर सेम आहे." म्हटलं मग सांगा काय येईल. सगळ्यांनी लिहून दिलं, सहाही वेळा ४.६, फार तर ४.५ ते ४.७. पट्टा गुंडाळला नाही कारण लपवायला काही नव्हतंच.

आलं ते असं: ३.९, ४.६, ४.१, ५.०, ४.४, ३.६.

वर्गात शांतता. काहीच न बदलता ३.६ ते ५.०! आणि गेल्या वेळी ज्या फरकावर ५०० चं गृहीतक सिद्ध झालं होतं तो होता अर्ध्या सेकंदाचा. त्या ५०० वाल्या गटातला एक हळूच म्हणाला, "म्हणजे आपण काहीच सिद्ध केलं नव्हतं." मी काही बोलले नाही.

मग भांडण, चूक कोणाची. स्टॉपवॉचवाल्याची? दोघांनी वेगवेगळ्या घड्याळांवर मोजलं होतं, फरक ०.२ च्या आतच होता. वारा? पान हलत नव्हतं. मग ती समासवाली मुलगी उठली. मी तिला कामाचं तेवढंच लिही म्हटलं होतं, तिने ऐकलं नव्हतं, या वेळीही स्ट्रोक मोजले होते. तिने फळ्यावर वेळेच्या शेजारी लिहिले: १५, २०, १६, २३, १८, १३.

लावून बघा. ३.६ ला १३, ३.९ ला १५, ४.१ ला १६, ४.४ ला १८, ४.६ ला २०, ५.० ला २३. एकही मागेपुढे नाही.

म्हणजे बूच कधी सुटायचं हे आम्ही ठरवतच नव्हतो, बूच ठरवत होतं. कोणी किती जोरात दाबून बसवलं त्यावर. आम्ही सगळ्या वह्यांत छान लिहिलेलं, "दाब समान ठेवला." आणि तिच्या जुन्या वहीत समासात "बूच ओलं" लिहिलेली दोन्ही उड्डाणं लवकर सुटलेली. ती नोंद मी खोडायला लावली होती. वही पेनाची होती म्हणून वाचता आली, ओळंबाकाका. तिची सगळ्या वर्गासमोर माफी मागितली. ती म्हणाली, "बाई मला फक्त काम नव्हतं म्हणून मी मोजत होते."

ओळंबा

वा.

शंकासुर

मी रकान्यांबद्दलचं माझं म्हणणं मागे घेत नाही, पण समासाला माझा पाठिंबा.

मोजपट्टी

जबरदस्त. फक्त आता एक सापळा टाळा, पोरं लगेच म्हणतील मग सगळ्यांना २० स्ट्रोक मारू म्हणजे दाब सारखा. नाही होणार! ५०० मिली पाणी असेल तर हवेला जागा दीड लिटर, १००० असेल तर एकच लिटर. तेवढेच स्ट्रोक कमी जागेत, जादा दाब दीडपट. पाणी बदलताय असं वाटेल आणि दाबही बदलत असेल. दाबमापक असलेला पंप घ्या आणि बुचाऐवजी दोरी ओढल्यावर सुटणारी खिट्टी करा, म्हणजे कधी सोडायचं ते तुमच्या हातात.

खडूचा तुकडा

हे बरं सांगितलंत, पोरं अगदी हेच म्हणत होती आणि मीही हो म्हटलं होतं. मापकवाला पंप मिळालाय. खिट्टी चिकटपट्टी यांनी खासगी निरोपातून सांगितलेल्या पद्धतीने करतोय, पहिली दोन वेळा गळली.

पण दीडपटीचं मी आधी सांगणार नाही. २० स्ट्रोक मारू दे आणि मापक वाचू दे.

निळी शाई

मग शेवटी किती पाणी? ५०० का ६००? एवढा धागा वाचला, उत्तर तरी सांगा.

खडूचा तुकडा

माहीत नाही अजून. :) शनिवारी १५ उड्डाणं आहेत, ०, २५०, ५००, १००० आणि १५०० मिली, प्रत्येकी तीन. चिठ्ठ्या टाकून क्रम काढलाय, पहिलंच १५०० आलंय म्हणून सगळे वैतागलेत. माथ्याजवळची मापं त्यानंतर. समासवालीला नोंदप्रमुख केलंय, ती म्हणते समास अजून रुंद आखायचा.

शेवटचा बाक

ताई कोन मोजायला मी येतो. पाणी किती ते मला सांगू नका, तसंही मला ९.८ च येणार.